लिटरला २० मिली आणि शंभर नंबरचा जेट

कात्रजच्या जुन्या घाटात चढताना स्कूटरचा आवाज बदलला. आधी तो भरलेला, जाड होता. मग एकाएकी बारीक झाला, शिट्टीसारखा, आणि ओढ कमी झाली. मी मूठ आणखी पिळली. तीन-चार सेकंदांत मागचं चाक जागच्या जागी धरलं. डाव्या हाताने क्लच दाबला गेला म्हणून मी पडले नाही. गाडी कडेला घेतली आणि तशीच उभी राहिले. इंजिनाला हात लावायची सोय नव्हती, इतकं ते तापलं होतं. वीस मिनिटांनी किक मारून पाहिली तर ती खाली गेली, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये अडकलेला पिस्टन सुटला होता. हळूहळू, अर्ध्या मुठीवर, शनिवार पेठेत परत आले.

ही गाडी माझ्या मामांची. १९९६ सालची बजाज चेतक, आकुर्डीच्या कारखान्यात बनलेली, दोन स्ट्रोकची, १४५ सीसी. सहा वर्षं ती वाड्याच्या जिन्याखाली ताडपत्रीत पडून होती. मामा आता चालवत नाहीत, गुडघे साथ देत नाहीत. मी औषधशास्त्र शिकलेली, एका रुग्णालयाच्या औषध विभागात काम करते. यंत्रांशी माझा संबंध मिक्सर आणि शिलाई मशीनपुरता होता. पण ही गाडी भंगारात जाऊ नये असं मला मनापासून वाटत होतं. याच गाडीच्या पुढच्या फळीवर उभी राहून मी शाळेत गेले आहे.

गेल्या हिवाळ्याच्या सुरुवातीला मी ती एका गॅरेजमध्ये दिली. टाकी धुतली, बॅटरी नाही तिची कटकट नाही, टायर बदलले, गाडी सुरू झाली. पीयूसीला नेली तर नापास. कार्बन मोनॉक्साइड ५.८ टक्के आला. २००० सालच्या मार्चअखेरपर्यंतच्या दुचाकींना ४.५ टक्के चालतो, तेवढ्यातही ती बसेना. गॅरेजवाल्याने कागद पाहिला, म्हणाला, "पेट्रोल जास्त जातंय, बारीक जेट टाकतो. अ‍ॅव्हरेजपण वाढेल." जेट म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरमधला भोकाचा पितळी तुकडा, त्यातूनच पेट्रोल मापाने जातं. बारीक जेट टाकला. पुढच्याच रविवारी गाडी घाटात धरली.

त्या वेळी मला हे दोन प्रसंग एकमेकांना जोडता आले नाहीत. हेड आणि ब्लॉक उतरवल्यावर दिसलं की पिस्टनवर सायलेन्सरच्या बाजूला उभे ओरखडे आहेत. ब्लॉक, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो तो सिलिंडर, वाचला होता. दुसऱ्या एका जुन्या फिटरने तो साफ करून दिला, नव्या रिंगा घातल्या, इंजिन उघडलंच आहे म्हणून ऑइल सीलही बदलले आणि मला एकच वाक्य सांगितलं: "ताई, टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कापलं की ऑइलपण कापलं जातं." मी घरी येईपर्यंत त्याचाच विचार करत होते. चार स्ट्रोकच्या गाडीत ऑइल खाली वेगळं असतं. चेतकमध्ये ते पेट्रोलमध्येच मिसळलेलं, लिटरला २० मिली. जेट बारीक केला की पिस्टनला मिळणारं वंगणही त्याच मापात घटतं, आणि पेट्रोल कमी पडल्यामुळे इंजिन तापतं ते वेगळंच. तापही वाढला, तेलही घटलं, आणि वर घाटाचा चढ. ती धरली नसती तरच नवल होतं.

मी ठरवलं की कार्बोरेटर आता स्वतः समजून घ्यायचा.

उजव्या बाजूचं पॅनेल काढलं की इंजिनाच्या वर एक चपटा डबा दिसतो. त्याच्या झाकणाचे दोन स्क्रू काढले की आत कार्बोरेटर आडवा बसलेला असतो, इटालियन डेलॉर्टो घडणीचा. हीच रचना जुन्या व्हेस्पांमध्ये असते. फिल्टरची जाळी उचलली की दोन पितळी माथी दिसतात. एक पायलट जेट. दुसरं बाहेर काढलं की हातात एक छोटा मनोरा येतो: वर हवेचा जेट, मध्ये भोकाभोकांची नळी, तळाशी मेन जेट, सगळे एकात एक बसवलेले. वरून हवा येते, खालून पेट्रोल, नळीत त्यांचा फेस होतो आणि तो फेस इंजिन ओढून घेतं. मला हे पाहून फार आनंद झाला. औषधांत आम्ही ज्याला इमल्शन म्हणतो त्याचीच ही भावकी, आणि त्या नळीला इमल्शन ट्यूबच म्हणतात.

मेन जेटवर कोरलेला आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १०० म्हणजे बरोबर एक मिलिमीटर. माझ्या गाडीतून निघालेल्या जेटवर ९२ लिहिलं होतं. ९२ आणि १०० यांत ऐकायला फरक थोडा वाटतो. पण पेट्रोल जातं ते भोकाच्या क्षेत्रफळातून, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने बदलतं. ९२ चं भोक १०० च्या तुलनेत १५ टक्क्यांनी लहान आहे. औषधाचा डोस कोणी १५ टक्के कमी केला आणि "काही होत नाही" म्हणाला तर मी त्याला औषधांच्या खिडकीवर उभं करणार नाही.

आता पीयूसीचं कोडं. पीयूसीची नळी सायलेन्सरमध्ये घालतात तेव्हा गाडी जागेवर उभी असते, मूठ बंद, नुसती आयडलिंगला. त्या अवस्थेत मेन जेट जवळजवळ कामच करत नाही. सगळं पेट्रोल पायलट जेटमधून आणि आयडलिंगचं मिश्रण कमी-जास्त करणाऱ्या मिक्श्चर स्क्रूवरून जातं. म्हणजे यंत्राने तक्रार केली होती पायलटच्या वाटेबद्दल, आणि आम्ही कापलं मेन जेटचं पेट्रोल. कार्बोरेटर एक असला तरी त्यात वाटा वेगवेगळ्या आहेत: मूठ बंद ते पाव उघडी, पायलटचा अंमल; पुढे स्लाइडच्या, म्हणजे मुठीबरोबर वर सरकणाऱ्या झडपेच्या, तोंडाचा काप थोडा हिशेब सांभाळतो; आणि अर्ध्याच्या पुढे पूर्ण मुठीपर्यंत मेन जेट. गाडी कुठे खोकते, हा पहिला प्रश्न. कुठला स्क्रू फिरवायचा, हा त्यानंतरचा.

मग आयडलिंगला पेट्रोल जास्त का जात होतं? दोन संध्याकाळी मी मिक्श्चर स्क्रूच फिरवत बसले. आत घेतला तरी प्लग काळाच, म्हणजे पेट्रोल अजून जास्तच. मामा जिन्याच्या पायरीवर बसून बघत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "अगं, चोक ओढल्यावर काही फरक पडतो का बघ. आधी पडायचा." चोक म्हणजे गार इंजिन सुरू करताना जास्तीचं पेट्रोल देणारी वाट. खरंच फरक पडत नव्हता. चोकची तार इतकी ताणून बसवली होती की बटण पूर्ण आत असतानाही चोकचा दट्ट्या केसभर उचललेला राहत होता. गाडी कायमच थोड्या चोकवर चालत होती. आयडलिंगला तेवढं जास्तीचं पेट्रोल म्हणजे पुष्कळ. भरधाव मुठीला ते नगण्य. म्हणून उभी असताना ती काळा धूर टाकायची आणि चढावर उपाशी मरायची. तार दोन मिलिमीटर सैल केली, दट्ट्याच्या टोकाचं कडक झालेलं रबर बदललं.

हे मामांनी शोधलं, मी नाही.

साफसफाईबद्दल फार लिहीत नाही, एवढंच सांगते: जेटमध्ये धातूची तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक ओरखडतं आणि आकडा खोटा होतो. मी स्प्रेने धुऊन, पंपाने हवा मारून, आकाशाकडे धरून पाहिलं. टूथब्रशचा एक तंतू पुरतो. पेट्रोलच्या नळीच्या तोंडाशी छोटी जाळी असते, तिच्यात टाकीतला गंज साचला होता. कार्बोरेटरमधली पेट्रोलची पातळी सांभाळणारी फ्लोटची सुई नवी घातली. नळीही बदलली, कारण जुनं रबर चिकट झालं होतं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि १९९६ चं रबर त्यासाठी बनलेलं नाही.

एक गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. मूठ सोडल्यावर इंजिनाचा वेग लगेच खाली यायला हवा. माझ्या गाडीचा येत नव्हता, वर रेंगाळायचा. याचा अर्थ कुठून तरी चोरून हवा शिरत होती. कार्बोरेटर दोन नटांनी खाली आवळलेला असतो. कोणीतरी ते इतके आवळले होते की बूड मध्ये उचललं गेलं होतं. खिडकीच्या काचेवर पॉलिश पेपर ठेवून ते बूड आठच्या आकड्यात घासलं, सगळीकडे सारखी चमक येईपर्यंत. तासभर लागला. नवं पॅकिंग घातलं आणि नट बेताने आवळले. हे न करता जेट निवडायला बसले असते तर सगळी मेहनत वाया गेली असती, कारण चोरट्या हवेचं माप कुठल्याच जेटवर लिहिलेलं नसतं.

मग नाना पेठ. दुचाकीचे सुटे भाग पुण्यात तिथेच शोधायचे. अरुंद गल्ल्या, छतापर्यंत रचलेल्या पेट्या, आणि काउंटरवरच्या माणसाला प्रत्येक पेटी तोंडपाठ. मी ९६ पासून १०४ पर्यंतचे मेन जेट मागितले. तो म्हणाला, "एवढे कशाला? एकच लावा ना." मी म्हणाले, "कुठला ते ठरवायचंय." त्याने एका पुडीत सगळे दिले. ९८ चे दोन घेतले.

घरी आल्यावर शंका आली की कोरलेल्या आकड्यावर विश्वास का ठेवायचा? ५० मिलीची सिरिंज घेतली, खाली सलाइनच्या नळीचा तुकडा लावला, तुकड्याच्या टोकाला जेट बसवला, आत पाणी भरलं आणि ४० मिली उतरायला किती सेकंद लागतात ते मोजलं. प्रत्येक जेट तीन वेळा. १०० नंबरला ४६ सेकंद लागले, १०२ ला ४४, जुन्या ९२ ला ५४. वर्गाच्या हिशेबाने हेच यायला हवं. पण ९८ च्या दोन जेटांपैकी एक ४८ सेकंदांचा आणि दुसरा ४४ चा निघाला. म्हणजे तो नावाला ९८ होता, प्रत्यक्षात १०२. तो मी बाजूला काढला. ज्याला जेट बदलून बदलून गाडीचा स्वभाव समजत नाही, त्याने एकदा हे पाणी मोजून पाहावं.

इथेनॉलमुळे जेटचा आकडा का चढवावा लागतो, तेही याच हिशेबात बसतं. शुद्ध पेट्रोलच्या एका ग्रॅमला पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्याला ९ ग्रॅम पुरते. २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला आता आठ-नऊ टक्के जास्त इंधन हवं. क्षेत्रफळ एवढं वाढवायचं तर व्यास चार टक्क्यांनी वाढतो: ९६ चा १०० होतो. मामांच्या काळात जो जेट बरोबर होता तो आज त्याच इंजिनाला उपाशी ठेवतो. आणि माझ्या गाडीत तर ९२ होता.

ऑइलबद्दलही माझा एक समज इथे मोडला. गाडी धरल्यानंतर भीतीपोटी मी लिटरला ३० मिली घालायला लागले होते. औषधाच्या मापपेल्यानेच मोजते, त्यामुळे चूक नव्हती. पण जेटमधून जाणारा द्रव तेवढाच राहतो. त्यात ऑइल वाढवलं की पेट्रोल तेवढं कमी होतं. हवेच्या मानाने मिश्रण आणखी फिकं. परत २० वर आले.

आयडलिंग आधी लावलं. गाडी गार असताना हे करायचं नाही. मी डेक्कनवरून विद्यापीठापर्यंत जाऊन परत आले, मग वाड्याच्या चौकात उभी केली. आयडलिंगचा स्क्रू, जो डब्याच्या झाकणातून वर येतो, थोडा आत घेऊन वेग जरा चढा ठेवला. मिक्श्चर स्क्रू डब्याच्या मागच्या बाजूला रबरी बुचाआड असतो, त्याला लांब, बारीक पेचकस लागतो. तो अलगद टेकेपर्यंत आत घेतला, जोर न लावता, मग दीड फेरा बाहेर. तिथून पाव-पाव फेरा. प्रत्येक पाव फेऱ्यानंतर थांबायचं, दहा-पंधरा सेकंद ऐकायचं. आत नेला की इंजिन चढ्या, घाबरट आवाजात चालतं आणि मूठ उघडताच गचकन बंद पडतं. फार बाहेर आणला की आवाज जड होतो, मध्ये मध्ये एखादा ठोका चुकतो. यांच्या मधोमध एक जागा अशी येते की इंजिन आपणहून सर्वांत वेगात आणि सर्वांत सारखं चालतं. मला ती पावणेदोन फेऱ्यांवर सापडली. तिथून केसभर बाहेर ठेवला आणि मग आयडलिंगचा वेग उतरवला. मामा म्हणाले, "आता बोलतीय."

मेन जेटचा निकाल मात्र उभ्या गाडीवर लागत नाही. त्याला चढ लागतो आणि पूर्ण मूठ. रविवारी पहाटे सहाला निघाले, पाठपिशवीत पेचकस, प्लगचा पान्हा, चार नवे प्लग, जेटांची पुडी, जाड फडकं. स्वारगेट ओलांडून सातारा रस्त्याने कात्रज. थंडी इतकी होती की हातमोज्यांतही बोटं आखडत होती.

टू-स्ट्रोकला जेट मोठ्याकडून लहानाकडे यायचं, उलटं नाही. मोठा जेट फार तर प्लग काळा करेल. लहान जेट पिस्टन खाईल. म्हणून १०४ ने सुरुवात केली. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण मूठ दिली तर गाडी फड-फड-फड करत चढली, एकेक ठोका गाळत, मागे निळसर धूर. आता पारख. पूर्ण मुठीवर थोडं अंतर गेल्यावर एकाच वेळी क्लच दाबायचा आणि इंजिन बंद करायचं. मूठ आधी सोडली तर प्लगवर आयडलिंगचा रंग चढतो आणि कळत काहीच नाही. गाडी कडेला थांबली की फडक्याने प्लग काढायचा आणि चिनी मातीचा पांढरा भाग आत, बुडाशी पाहायचा. टोकावर नाही, बुडाशी. १०४ ला तिथे काजळी होती. घाटाखाली सपाट जागी जेट बदलला, नवा प्लग लावला. १०२: फडफड थांबली, पण ओढ मंद, बुडाशी गडद कडं. १०० लावला आणि पहिल्याच पन्नास मीटरमध्ये कळलं. आवाज घट्ट झाला, धूर दिसेनासा झाला, तिसऱ्या गिअरमध्ये चढ असा घेतला की मला चौथा टाकावासा वाटला. प्लगच्या बुडाशी दुधाच्या कॉफीचा रंग.

९८ लावायचा की नाही यावर मी रस्त्याच्या कडेला बराच वेळ थांबले. जिथे गाडी धरली होती ती जागा समोर दिसत होती. शेवटी लावला, कारण कडा कुठे आहे हे माहीत असायला हवं. ९८ वर गाडी आणखी तल्लख झाली, आणि म्हणूनच मी मूठ लवकर सोडली. टू-स्ट्रोक सर्वांत जोरात पळतं ते बरोबर मापाच्या जरा पुढे, जळण्याच्या बेतात असताना. प्लग फिकट, उन्हात वाळलेल्या मातीसारखा. परत १०० लावला आणि तोच ठेवला.

चार टाक्या भरून हिशेब केला. बारीक जेटवर, गाडी धरण्याआधीच्या आठवड्यात, लिटरला ४७ किलोमीटर येत होते. आता ४३. मामांना सांगितलं तेव्हा ते थोडे हिरमुसले. त्यांच्या पिढीने या गाडीवर महिन्याचा संसार बसवलेला आहे. मी त्यांना रिंगांचं आणि ब्लॉकच्या कामाचं बिल दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "त्रेचाळीस चांगले आहेत."

पीयूसीला परत गेले. कार्बन मोनॉक्साइड २.९ टक्के. हायड्रोकार्बनही ९,००० पीपीएमच्या मर्यादेच्या बरेच खाली. मशीनवरचा मुलगा म्हणाला, इंजिन नवं टाकलं का? मी त्याला सांगितलं, चोकची तार दोन मिलिमीटर सैल केली. आयडलिंगचा तो आकडा खरोखर मुख्यतः तेवढ्यानेच सुधारला होता.

सकाळी मामा खाली येतात आणि सवयीने स्कूटर एका अंगाला कलती करतात, वर्षानुवर्षं करत आले तशी. तसं केल्याने जादा पेट्रोल इंजिनाकडे ओघळतं. जेव्हा चोक धड चालत नसे तेव्हाचा तो उपाय. आता मी त्यांचा हात धरते, सीटखालचं चोकचं बटण ओढते. दुसऱ्या किकला सुरू होते. अर्ध्या मिनिटाने बटण आत.

९८ चा खरा जेट मी गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत घालून, वर तारीख आणि ४८ सेकंद असं लिहून ठेवला आहे. हे सगळं मी दहा-बारा अंशांच्या पहाटेत लावलेलं आहे. एप्रिलच्या दुपारी पुण्याचा पारा चाळिशीला टेकेल तेव्हा हवा जवळजवळ दहा टक्के विरळ झालेली असेल आणि १०० चा जेट जरा जास्त द्यायला लागेल. तेव्हा पुन्हा एकदा पहाटे नाही, भर उन्हात कात्रजला जाऊन प्लग काढून बघायचा आहे.